कुकीविरहित सत्र

कुकीविरहित सत्र ही महाजालावरील अनुप्रयोगांत वापरकर्त्याची ओळख एका विनंतीपासून पुढच्या विनंतीपर्यंत टिकवून ठेवण्याची एक पद्धत आहे. सामान्यतः ही ओळख ब्राउझरमध्ये (न्याहाळकात) साठवलेल्या 'कुकी' नावाच्या छोट्या नोंदीच्या साहाय्याने टिकवली जाते. कुकीविरहित पद्धतीत तीच ओळख पानाच्या पत्त्यात, अर्जातील अदृश्य रकान्यात किंवा विनंतीसोबत जाणाऱ्या हेडरमध्ये ठेवतात. एएसपी डॉट नेट, जावा सर्व्हलेट आणि पीएचपी या प्रणालींमध्ये पत्त्यातून सत्र चालवण्यासाठी सेटिंग दिलेली आहेत. जँगो या फ्रेमवर्कने मात्र अशी सोय जाणीवपूर्वक दिलेली नाही.

'कुकीविरहित' या शब्दावरून वापरकर्त्याची नोंदच ठेवली जात नाही, असा समज होण्याचा संभव असतो. तो समज बरोबर नाही. या पद्धतीत ओळखीची खूण कायम राहते, फक्त तिची जागा बदलते. ती खूण कोणाकोणाच्या नजरेस पडू शकते हे त्या जागेवरून ठरते, आणि या पद्धतीचे बहुतेक गुणदोष त्यातूनच निर्माण होतात.

पार्श्वभूमी

महाजालावरील पाने ज्या एचटीटीपी या संकेतप्रणालीने पाठवली जातात, ती मुळात स्थितिरहित आहे. ब्राउझर विनंती पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो आणि तो व्यवहार तेथेच संपतो. त्याच ब्राउझरने दुसऱ्या क्षणी पुन्हा विनंती केली, तरी ती आधीच्याच व्यक्तीची आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत महाजालाची रचना केली, तेव्हा एकमेकांना जोडलेले दस्तऐवज वाचता यावेत हा मुख्य हेतू होता. त्या कामासाठी सर्व्हरने वाचक लक्षात ठेवण्याची गरज नव्हती, आणि त्यामुळे सर्व्हरची रचनाही साधी राहिली.

पुढे महाजालावर खरेदी, पत्रव्यवहार, परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार असे उपयोग सुरू झाले, तेव्हा ही विस्मरणशीलता अडचणीची ठरली. पहिल्या पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर पिशवीत दिसली पाहिजे, किंवा एकदा परवलीचा शब्द दिल्यावर प्रत्येक पानावर तो पुन्हा विचारला जाऊ नये, तर विनंत्यांना एका सूत्रात ओवणे आवश्यक होते. एका वापरकर्त्याच्या अशा एकत्र ओवलेल्या विनंत्यांना 'सत्र' म्हणतात.

सत्राची सर्वसाधारण रचना अशी असते: सर्व्हर पहिल्या भेटीत एक लांबलचक, अंदाजाने सांगता न येणारी खूण तयार करतो आणि ती ब्राउझरला देतो. वापरकर्त्याची प्रत्यक्ष माहिती सर्व्हरकडेच राहते. ब्राउझर पुढील प्रत्येक विनंतीसोबत ती खूण दाखवतो आणि सर्व्हर तिच्या आधारे योग्य माहिती शोधून काढतो. या लेखात या खुणेला 'सत्रखूण' असे म्हटले आहे.

पूर्वी बँकांमध्ये रोखपालाच्या खिडकीशी दिल्या जाणाऱ्या पितळी बिल्ल्याशी सत्रखुणेची तुलना करता येते. धनादेश आत दिल्यावर ग्राहकाला एक क्रमांकाचा बिल्ला मिळे, आणि तो क्रमांक पुकारला गेल्यावर बिल्ला दाखवणाऱ्याला रक्कम दिली जाई. सत्रखूणही अशीच 'दाखवेल त्याची' असते. ती सादर करणारी व्यक्ती मूळ वापरकर्ता आहे की दुसरी कोणी, हे सर्व्हरला केवळ खुणेवरून ओळखता येत नाही. म्हणून परवलीचा शब्द कितीही अवघड ठेवला, तरी चालू सत्राची खूण दुसऱ्याच्या हाती गेली की त्या शब्दाचे संरक्षण उरत नाही.

कुकीचा उगम

कुकीची कल्पना १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील अभियंते लू मॉन्टुली यांनी मांडली. खरेदीची अर्धवट राहिलेली यादी सर्व्हरवर साठवून ठेवावी लागू नये, या गरजेतून ती पुढे आली. सर्व्हर उत्तरासोबत एक छोटी नोंद पाठवतो, ब्राउझर ती स्वतःकडे ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाला पुढची विनंती करताना ती आपोआप परत पाठवतो, असे तिचे स्वरूप आहे. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरनेही कुकी स्वीकारली. फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ या दस्तऐवजाद्वारे तिचे पहिले प्रमाणीकरण झाले. त्यानंतर २००० मध्ये आरएफसी २९६५ आणि एप्रिल २०११ मध्ये आरएफसी ६२६५ हे दस्तऐवज प्रसिद्ध झाले.

सत्रखूण ठेवण्यासाठी कुकी सोयीची ठरण्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, तिची ने-आण ब्राउझर स्वतः करतो. पाने लिहिणाऱ्याला प्रत्येक दुव्यात काही जोडावे लागत नाही. दुसरे म्हणजे, ती पत्त्याच्या पट्टीत दिसत नाही, त्यामुळे दुवा दुसऱ्याला पाठवला तरी त्याबरोबर ती जात नाही.

कुकी टाळण्याची कारणे

कुकीशिवाय सत्र चालवण्याची गरज वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी निर्माण झाली.

सुरुवातीच्या काळात सर्वच साधने कुकी हाताळू शकत नव्हती. जपानमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या आय-मोड या भ्रमणध्वनी सेवेवरील अनेक जुन्या संचांत कुकीची सोय नव्हती. अशा संचांसाठी सेवा देणाऱ्यांना सत्रखूण पत्त्यातूनच न्यावी लागे.

काही वापरकर्ते आपला माग काढला जाईल या शंकेने ब्राउझरमधील कुकी पूर्णपणे बंद ठेवत, आणि काही कार्यालयांत तसा नियमच असे. या लोकांनाही सेवा मिळावी, म्हणून फ्रेमवर्क तयार करणाऱ्यांनी पर्यायी मार्ग ठेवले.

अलीकडच्या काळात एका संकेतस्थळाच्या पानात दुसऱ्या संकेतस्थळाचा भाग बसवलेला असतो, तेव्हा हा प्रश्न उद्भवतो. अशा आतल्या भागाची कुकी 'तृतीय पक्षाची' ठरते. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट रोखल्या, आणि फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. त्यामुळे दुसऱ्याच्या पानात बसवलेली प्रश्नपत्रिका, देयकाचा अर्ज किंवा चर्चेची खिडकी यांना केवळ कुकीच्या भरवशावर सत्र टिकवणे कठीण झाले.

याखेरीज भ्रमणध्वनीवरील ॲप आणि संगणकांचे आपसांतील व्यवहार यांमध्ये ब्राउझर नसतोच. तेथे कुकीऐवजी टोकन वापरण्याचा प्रघात आहे.

सत्रखूण वाहून नेण्याचे मार्ग

पत्त्यातून. सत्रखूण पानाच्या पत्त्याचा भाग बनवली जाते. ती मार्गाच्या मध्यभागी, अर्धविरामानंतर किंवा प्रश्नचिन्हानंतर येऊ शकते. हा मार्ग कोणत्याही ब्राउझरमध्ये चालतो, कारण दुवा उघडता येणे एवढीच त्याची अट असते. मात्र पानावरील प्रत्येक अंतर्गत दुव्यात खूण जोडलेली असावी लागते. एक दुवा जरी राहिला, तरी त्यावरून जाणाऱ्याचे सत्र तुटते.

अर्जातील अदृश्य रकान्यातून. पानावरील अर्जात वाचकाला न दिसणारा एक रकाना ठेवून त्यात खूण भरली जाते. अर्ज पाठवताना ती सर्व्हरकडे जाते. खूण पत्त्यात येत नाही हा याचा लाभ. परंतु पानांवरून पुढे जाताना प्रत्येक वेळी अर्जच पाठवावा लागतो, साधा दुवा चालत नाही. एकामागून एक भरायच्या टप्प्यांच्या अर्जांना हा मार्ग पुरेसा ठरतो.

हेडरमधून. विनंतीच्या हेडरमध्ये टोकन लिहिले जाते. साधा दुवा उघडताना ब्राउझर असे हेडर स्वतःहून जोडत नाही, त्यासाठी पानातील जावास्क्रिप्टने किंवा ॲपने विनंती करावी लागते.

सुरक्षित जोडणीच्या खुणेतून. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील सांकेतिक जोडणीला स्वतःची एक खूण असते. जावा सर्व्हलेटच्या विनिर्देशात तिचा वापर सत्रासाठी करण्याची सोय आहे. परंतु मध्ये दुसरा सर्व्हर असेल किंवा जोडणी नव्याने झाली, तर ही खूण टिकत नाही. म्हणून हा मार्ग क्वचितच वापरला जातो.

विविध प्रणालींमधील सेटिंग

एएसपी डॉट नेट

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या फ्रेमवर्कमध्ये २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच ही सोय होती. अनुप्रयोगाच्या 'वेब डॉट कॉन्फिग' या फाइलमध्ये 'सेशनस्टेट' नावाचा घटक असतो आणि त्यात 'कुकीलेस' हा गुणधर्म लिहितात. पहिल्या आवृत्तीत त्याची 'ट्रू' आणि 'फॉल्स' अशी दोनच मूल्ये होती. २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्या जोडीला पुढील चार मूल्ये आली:

• यूज कुकीज – सत्रखूण नेहमी कुकीत ठेवली जाते. काहीच लिहिले नाही तर हेच मूल्य गृहीत धरले जाते.
• यूज यूआरआय – ब्राउझर कुकी स्वीकारत असला तरीही सत्रखूण नेहमी पत्त्यात ठेवली जाते.
• यूज डिव्हाइस प्रोफाइल – त्या प्रकारचा ब्राउझर कुकी हाताळू शकतो का, हे सर्व्हरवरील माहितीवरून ठरवले जाते. वापरकर्त्याने स्वतः कुकी बंद केल्या असतील तर ते यातून कळत नाही.
• ऑटो डिटेक्ट – प्रत्यक्ष कुकी पाठवून ती परत येते का, हे तपासले जाते. न आल्यास सत्रखूण पत्त्यात जाते.

'यूज यूआरआय' निवडल्यावर पत्त्यात अनुप्रयोगाच्या नावानंतर कंसात 'एस' हे अक्षर आणि त्यापुढे आतल्या कंसात २४ अक्षरांची सत्रखूण दिसते. पहिली विनंती खुणेविना आली, की सर्व्हर नवी खूण तयार करतो आणि ती जोडलेल्या पत्त्याकडे पुनर्निर्देशन करतो. खूण मार्गाच्याच पोटात असल्यामुळे पानातील सापेक्ष दुवे ती आपोआप पुढे नेतात. संकेतस्थळाच्या मुळापासून लिहिलेले पूर्ण दुवे मात्र तिला वगळतात. अशा दुव्यांसाठी 'अप्लाय ॲप पाथ मॉडिफायर' हे कार्य वापरून पत्ता तयार करावा लागतो. जुना अनुप्रयोग कुकीविरहित करताना सत्र मध्येच तुटू लागले, तर प्रथम पूर्ण दुवे शोधणे इष्ट ठरते.

याच घटकात 'रीजनरेट एक्स्पायर्ड सेशन आयडी' हा आणखी एक गुणधर्म आहे आणि तो मुळातच चालू असतो. मुदत संपलेली खूण असलेला जुना दुवा दोन व्यक्तींनी एकाच सुमारास उघडला आणि सर्व्हरने तीच खूण पुन्हा स्वीकारली, तर दोघांचे सत्र एकच होईल. हे टाळण्यासाठी सर्व्हर अशा वेळी नवी खूण देतो. मात्र नवी खूण देताना पुनर्निर्देशन होत असल्याने, त्या क्षणी पाठवलेल्या अर्जातील मजकूर नाहीसा होतो. सत्राची मुदत मुळात २० मिनिटांची असते. लांबलचक अर्ज सावकाश भरणाऱ्याच्या वाट्याला हा अनुभव येऊ शकतो, म्हणून अशा अनुप्रयोगांत मुदत विचारपूर्वक ठरवावी लागते. हा गुणधर्म केवळ मुदत संपलेल्या खुणेपुरता आहे. चालू सत्राचा दुवा दुसऱ्याने उघडला, तर त्याला तो अडवत नाही.

या फ्रेमवर्कची नंतरची पिढी असलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये सत्रखूण कुकीतच असते. पत्त्यातून सत्र चालवण्याचे तयार सेटिंग तेथे ठेवलेले नाही.

जावा सर्व्हलेट

जावा सर्व्हलेटमध्ये पत्त्याच्या शेवटी अर्धविराम देऊन 'जेसेशनआयडी' या नावाने सत्रखूण जोडली जाते. त्यासाठी पानातील प्रत्येक दुवा 'एन्कोड यूआरएल' या कार्यातून, तर पुनर्निर्देशनाचा पत्ता 'एन्कोड रीडायरेक्ट यूआरएल' या कार्यातून न्यावा लागतो. पहिल्या भेटीत ब्राउझर कुकी स्वीकारतो की नाही, हे सर्व्हरला माहीत नसते. म्हणून तो कुकी पाठवतो आणि पत्त्यातही खूण जोडतो. पुढच्या विनंतीत कुकी परत आली, की पत्त्यातील खूण थांबते. अनेक संकेतस्थळांच्या पहिल्याच पानावरील दुव्यांत ही खूण दिसे आणि पुढे नाहीशी होई, त्याचे कारण हेच होय.

डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या सर्व्हलेटच्या ३.० या आवृत्तीत 'ट्रॅकिंग मोड' हे सेटिंग मिळाले. 'वेब डॉट एक्सएमएल' या फाइलमध्ये कुकी, यूआरएल किंवा एसएसएल यांपैकी मार्ग लिहिता येतो. केवळ कुकी लिहिल्यास पत्त्यात खूण येणे पूर्णपणे बंद होते; प्रत्यक्षात या सेटिंगचा वापर बहुधा याच कारणासाठी केला जातो.

पीएचपी

पीएचपीमध्ये सत्राची अंगभूत सोय २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. तीन सेटिंग येथे महत्त्वाची आहेत. 'यूज कुकीज' हे कुकीचा वापर चालू किंवा बंद करते. 'यूज ओन्ली कुकीज' हे चालू असेल, तर पत्त्यातून आलेली खूण मानली जात नाही. 'यूज ट्रान्स एसआयडी' हे चालू असेल, तर पीएचपी पानातील सापेक्ष दुव्यांमध्ये खूण आणि अर्जांमध्ये अदृश्य रकाना स्वतःहून घालते. कुकीविरहित सत्रासाठी यांपैकी दुसरे बंद आणि तिसरे चालू ठेवावे लागते.

या सेटिंगच्या मूळ मूल्यांत झालेला बदल बोलका आहे. २००९ मधील ५.३ या आवृत्तीपासून 'यूज ओन्ली कुकीज' हे मुळातच चालू ठेवण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मधील ८.४ या आवृत्तीत पत्त्यातून सत्र चालवणारी सेटिंग 'कालबाह्य' म्हणून जाहीर झाली. ती वापरल्यास आता सूचना दाखवली जाते.

जँगो

पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कमध्ये सत्र पूर्णपणे कुकीवर आधारलेले असते. कुकी उपलब्ध नसली, तरी शेवटचा उपाय म्हणूनसुद्धा खूण पत्त्यात टाकली जात नाही. हा निर्णय विचारपूर्वक घेतल्याचे त्याच्या अधिकृत दस्तऐवजात नमूद आहे: तशी खूण टाकल्याने पत्ते कुरूप होतात आणि रेफरर हेडरमधून ती चोरीला जाण्याची शक्यता निर्माण होते, अशी कारणे तेथे दिली आहेत.

सुरक्षेचे प्रश्न

पत्ता ही गुप्त ठेवण्याची वस्तू नाही. तो दाखवण्यासाठी, लिहून ठेवण्यासाठी आणि दुसऱ्याला देण्यासाठीच असतो, आणि महाजालावरील सर्व साधने त्याला तसेच वागवतात. सत्रखूण पत्त्यात ठेवली, की ती पुढील वाटांनी बाहेर जाऊ शकते.

दुवा पाठवणे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रवेश-अर्जाचे पान उघडले आहे आणि 'हे पान बघ' म्हणून त्याचा पत्ता मित्रमैत्रिणींच्या गटावर टाकला, अशी कल्पना करावी. पत्त्यात चालू सत्राची खूण असेल, तर गटातील प्रत्येकाला त्या विद्यार्थ्याच्या नावाने उघडलेला अर्ज दिसेल आणि कदाचित बदलताही येईल. यात कोणीही चोरी केलेली नसते. पत्ता पाठवण्याची सर्वांना सवयीची असलेली कृतीच येथे बिल्ला वाटण्यासारखी ठरते.

इतिहास आणि नोंदी. ब्राउझर भेट दिलेल्या पानांचे पत्ते इतिहासात ठेवतो. सार्वजनिक ग्रंथालय, शाळेची संगणककक्षा किंवा सायबर कॅफे येथील सामायिक संगणकावर पुढच्या व्यक्तीला ते दिसू शकतात. सर्व्हरच्या आणि मधल्या प्रॉक्सी सर्व्हरच्या नोंदींतही पत्ते लिहिले जातात. त्यामुळे नोंदी वाचण्याचा अधिकार असलेल्या कर्मचाऱ्यालाही चालू सत्रांच्या खुणा मिळू शकतात.

रेफरर हेडर. एका पानावरील दुव्याने दुसऱ्या संकेतस्थळावर गेल्यास आपण कोठून आलो, हे ब्राउझर त्या संकेतस्थळाला सांगतो. पूर्वी बहुधा संपूर्ण पत्ता सांगितला जाई आणि त्याबरोबर सत्रखूणही जाई. २०२० मध्ये क्रोम आणि २०२१ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरांनी इतर संकेतस्थळांना केवळ मूळ संकेतस्थळाचे नाव पाठवण्याचा नियम मुळातच लागू केला. त्यामुळे हा धोका घटला आहे; परंतु पानात बसवलेली दुसऱ्याची जावास्क्रिप्ट संपूर्ण पत्ता वाचू शकते, हे कायम आहे.

सेशन फिक्सेशन. वरील प्रकारांत वापरकर्त्याची खूण दुसऱ्याकडे जाते. येथे दुसऱ्याची खूण वापरकर्त्याकडे येते. हल्लेखोर प्रथम स्वतः संकेतस्थळावर जाऊन एक खूण मिळवतो आणि ती असलेला दुवा दुसऱ्याला पाठवतो. त्या दुव्यावरून आलेल्या व्यक्तीने परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला, की तीच खूण आता प्रवेश झालेल्या सत्राची होते, आणि ती हल्लेखोराला आधीपासून माहीत असते. या हल्ल्याचे सविस्तर विवेचन डिसेंबर २००२ मध्ये मित्या कोल्शेक यांनी आपल्या निबंधात केले. कुकी वापरणाऱ्या संकेतस्थळांवरही हा हल्ला शक्य असतो. पण खूण पत्त्यातून स्वीकारली जात असेल, तर एक दुवा पाठवणे एवढेच श्रम त्याला पुरतात.

यावरील मुख्य उपाय म्हणजे वापरकर्त्याने प्रवेश करताच सत्रखूण बदलणे. पीएचपीमध्ये 'सेशन रीजनरेट आयडी' आणि सर्व्हलेटच्या २०१३ मधील ३.१ या आवृत्तीपासून 'चेंज सेशन आयडी' ही कार्ये त्यासाठी आहेत. सर्व्हरने स्वतः न दिलेली खूण नाकारण्यासाठी पीएचपीमध्ये 'यूज स्ट्रिक्ट मोड' हे सेटिंग आहे. तथापि हल्लेखोराने सर्व्हरनेच दिलेली खूण वापरल्यास केवळ या सेटिंगने संरक्षण मिळत नाही. प्रवेशाच्या वेळी खूण बदलावीच लागते.

इतर परिणाम

शोधयंत्रांचे संचारक सहसा कुकी सांभाळत नाहीत. अशा संचारकाला प्रत्येक भेटीत नवी सत्रखूण मिळाली, तर एकच पान त्याला अनेक निरनिराळ्या पत्त्यांवर दिसते. त्यामुळे एकाच मजकुराच्या अनेक नोंदी होतात. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पानाचा मुख्य पत्ता कोणता हे सांगणाऱ्या 'कॅनॉनिकल' या खुणेला पाठिंबा दिला; पत्त्यातील सत्रखुणांमुळे होणारी पुनरावृत्ती हे त्यामागील एक कारण होते.

प्रत्येकाचा पत्ता वेगळा असल्यामुळे मधल्या सर्व्हरवर साठवून ठेवलेले पान दुसऱ्या वाचकाला देता येत नाही. वाचनखुणा म्हणून साठवलेले पत्तेही सत्राची मुदत संपल्यावर अपेक्षेप्रमाणे उघडतीलच असे नसते.

या पद्धतीचा एक लाभही नोंदवण्याजोगा आहे. कुकी एका ब्राउझरच्या सर्व खिडक्यांना सामायिक असते. पत्त्यातील खूण मात्र त्या त्या खिडकीपुरती राहते. त्यामुळे एकाच ब्राउझरमध्ये दोन वेगवेगळी सत्रे शेजारीशेजारी चालवता येतात.

टोकनवर आधारित पद्धत

नव्या अनुप्रयोगांत कुकीऐवजी हेडरमधून टोकन पाठवण्याची पद्धत प्रचलित आहे. 'बेअरर' प्रकारच्या टोकनचा वापर ऑक्टोबर २०१२ च्या आरएफसी ६७५० मध्ये प्रमाणित झाला. 'बेअरर' म्हणजे धारक. बिल्ल्याचा 'दाखवेल त्याचा' हा गुण या नावातच आलेला आहे. टोकन पत्त्यात ठेवू नये, असा सल्ला याच दस्तऐवजात दिला आहे.

मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ द्वारे जेसन वेब टोकन, संक्षेपाने जेडब्ल्यूटी, प्रमाणित झाले. त्याच्या नेहमीच्या सही केलेल्या रूपात वापरकर्त्याविषयीची माहिती टोकनमध्येच असते आणि तिच्यावर सर्व्हरची सांकेतिक सही असते. सहीमुळे माहितीत केलेला फेरफार उघड होतो. परंतु ती माहिती गुप्त राहत नाही, टोकन हाती आलेल्या कोणालाही ती वाचता येते. सर्व्हरला प्रत्येक सत्राची नोंद ठेवावी लागत नाही ही सोय आहे, पण त्यामुळेच दिलेले टोकन मुदतीपूर्वी रद्द करणे अवघड होते. रद्द टोकनांची यादी ठेवायची, तर सर्व्हरकडे पुन्हा नोंदी आल्याच.

टोकन ब्राउझरमध्ये कोठे ठेवावे, हा प्रश्नही उरतोच. ते 'लोकल स्टोरेज'मध्ये ठेवल्यास पानात शिरकाव केलेली घातक जावास्क्रिप्ट ते वाचू शकते. कुकीला 'एचटीटीपी ओन्ली' हा गुणधर्म लावल्यास जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. उलटपक्षी, कुकी आपोआप पाठवली जात असल्याने दुसऱ्या संकेतस्थळावरून वापरकर्त्याच्या नावे खोटी विनंती घडवून आणण्याचा धोका कुकीत असतो. हेडरमधील टोकनात तो नसतो. कुकीतील हा धोका कमी करण्यासाठी 'सेमसाइट' हा गुणधर्म आहे, आणि क्रोमने २०२० पासून त्याचे 'लॅक्स' हे मूल्य मुळातच लागू करण्यास सुरुवात केली.

कायदा आणि संमती

कुकी न वापरल्यास वापरकर्त्याची संमती घ्यावी लागत नाही, असा एक समज प्रचलित आहे. युरोपीय संघाच्या २००२ मधील ई-प्रायव्हसी निर्देशात, २००९ च्या दुरुस्तीनुसार, वापरकर्त्याच्या साधनात माहिती साठवण्यासाठी किंवा तेथील माहिती वाचण्यासाठी संमती आवश्यक मानली आहे. त्यातील तरतूद कुकी या एकाच तंत्रापुरती नाही. 'लोकल स्टोरेज'सारखी साठवणही तिच्या कक्षेत येते. दुसरीकडे, वापरकर्त्याने स्वतः मागितलेल्या सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या साठवणीला त्या तरतुदीतून सूट आहे, आणि प्रवेश टिकवणारी सत्राची कुकी सामान्यतः या वर्गात मोडते. म्हणजे केवळ संमतीची चौकट टाळण्यासाठी प्रवेशाचे सत्र पत्त्यात हलवण्याचे कारण राहत नाही. तसे केल्याने वापरकर्त्याची गोपनीयता वाढण्याऐवजी घटू शकते.

वापरासंबंधी सर्वसाधारण नियम

पत्त्यातून सत्र चालवणे अपरिहार्यच असेल, तर पुढील काळजी घेणे योग्य मानले जाते:

• संपूर्ण संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर, चालवावे.
• सत्राची मुदत कामाला पुरेल इतकीच ठेवावी आणि बाहेर पडण्याची स्पष्ट सोय द्यावी. बाहेर पडताच सर्व्हरवरील सत्र नष्ट करावे.
• वापरकर्त्याने प्रवेश करताच सत्रखूण बदलावी.
• रेफरर-पॉलिसी हे हेडर लावून पत्ता इतर संकेतस्थळांना जाऊ देऊ नये. पानात दुसऱ्यांच्या जावास्क्रिप्ट ठेवू नयेत.
• सर्व्हरच्या नोंदींत सत्रखूण झाकून लिहिण्याची व्यवस्था करावी.
• परवलीचा शब्द बदलणे, पैसे पाठवणे यांसारख्या कृतींपूर्वी वापरकर्त्याची ओळख पुन्हा पटवून घ्यावी.

वेब-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या मार्गदर्शनातही सत्रखूण पत्त्यात न ठेवण्याचा सल्ला आहे. प्रवेश न करता पाहायची प्रदर्शने, निनावी सर्वेक्षणे किंवा बंदिस्त जाळ्यातील जुनी साधने येथे पत्त्यातील सत्र आजही चालू शकते, कारण तेथे खूण दुसऱ्याच्या हाती गेल्याने फारसे नुकसान होत नाही. ज्या सत्रामागे कोणाचे पैसे, गुण, पत्रे किंवा आरोग्याची माहिती आहे, तेथे 'सिक्युअर', 'एचटीटीपी ओन्ली' आणि 'सेमसाइट' हे तीन गुणधर्म लावलेली कुकी, किंवा ॲपच्या बाबतीत हेडरमधील अल्पमुदतीचे टोकन, हे मार्ग अधिक सुरक्षित मानले जातात.